नवाची कुंडी

ओढ्याकाठच्या ज्या खड्ड्यातून कुंभाराचं घर तीन पिढ्या माती आणत होतं, तो खड्डा एका सकाळी डंपरने बुजवून टाकला. तिथे गोदाम होणार होतं. म्हातारा रिकामी पाटी घेऊन काठावर उभा राहिला. खाली मुरूम, वर मुरूम, आणि मधे कुठेतरी दबून गेलेली त्याची मऊ, काळसर, बोटाला बिलगणारी माती. डंपरवाल्याने खिडकीतून मान काढली.

"ओ आजोबा, बाजूला व्हा. चिखल बघायला आलात होय?"

म्हातारा बाजूला झाला. जन्मभर त्याने चिखलच बघितला होता. पण असं तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं.

घरात माणसं तीन. म्हातारा, मुलगा आणि सून. म्हातारा तोंडाने फटकळ आणि हाताने देवमाणूस. मुलगा दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप. बाप त्याला गोगलगाय म्हणायचा आणि तो त्या नावालाही ओ द्यायचा. सून दहावीपर्यंत शिकलेली. तिला वाचायची खोड. पुड्याचा कागद, औषधाचं खोकं, टेम्पोच्या मागचं लिहिलेलं, काही सोडायची नाही.

"कागदाने पोट भरत असतं," म्हातारा म्हणायचा, "तर वाळवी गाडीतून फिरली असती."

अंगणात भिजत घातलेली माती आठ दिवसांची उरली होती. माती संपत आली की घराचा आवाज बदलतो. चाकाची घरघर अडखळते, थापीची थपथप विरळ होते, आणि मग घरातल्या माणसांना एकमेकांचे श्वास ऐकू यायला लागतात. सून उरल्या ढिगाला ओलं पोतं पांघरायची, तापलेल्या लेकराला पांघरावं तसं.

सहाव्या दिवशी रोपवाटिकेच्या मालकाचा कारकून आला. जाड भिंगांचा चष्मा, काखेत फाईल, पायात पांढरे बूट. दारात ओल होती म्हणून त्याने एक फळी मागून घेतली आणि तिच्यावरच उभा राहिला. बोलणं संपेपर्यंत उतरला नाही.

"चार हजार कुंड्या पाहिजेत मालकांना. झाडांच्या रोपांसाठी. जमतील का तुमच्याच्याने?"

"मातीच नाही," म्हातारा म्हणाला.

"तेच तर. मालकांची नदीकाठची पट्टी आहे ना, तिच्यात आहे माती. पडून आहे नुसती. तुम्ही कुंड्या द्या, मालक तीन वर्षं माती उचलू देतील. पैशाची भानगडच नाही."

म्हाताऱ्याला ती पट्टी ठाऊक होती. तिच्या अंगावरून जाताना कितीदा त्याने वाकून चिमूट उचलली होती, बोटांत फिरवली होती, आणि परक्याच्या पोरीकडे बघू नये तसं तोंड फिरवून तो पुढे गेला होता.

"केवढी पाहिजे कुंडी?"

"मध्यम."

"नवाची करू?"

"करून दाखवा."

म्हातारा चाकावर बसला. गोळा आपटला, चाक फिरलं, आणि कारकुनाची जांभई पुरी व्हायच्या आत कुंडी उभी राहिली. म्हाताऱ्याने खोबणी पाडलेली काडी तिच्या अंगाला लावली आणि मान हलवली. मग कारकुनाने फळीवरूनच वाकून, पोट सांभाळत, आपली पोलादी टेप लावली.

"नऊ इंच. बरोब्बर." त्याने खिळा मागितला आणि ओल्या अंगावर कोरलं: नमुना मंजूर, तारीख, सही. खिळा परत देताना बोट भरलं, तेव्हा त्याने ते सुनेच्या समोरच दाराच्या चौकटीला पुसलं. "वाळली की ठेवून द्या. लागली तर मागवू."

फाईलीत करार तयारच होता. मोकळ्या जागा तेवढ्या त्याने भरल्या.

"वाचू द्या," सून म्हणाली.

"वाचता येतं?"

तिने हात कोरडे केले आणि कागद घेतला. चार हजार कुंड्या, मंजूर नमुन्याप्रमाणे, उंची नऊ इंच. मोबदल्यात नदीकाठच्या पट्टीतली माती, भांडी घडवण्यापुरती, तीन वर्षं. दोन महिन्यांत माल पोचवायचा. तोवर या मापाची कुंडी दुसऱ्या कोणाला करून द्यायची नाही. माल कराराप्रमाणे नसेल तर माती मिळणार नाही.

"हे शेवटचं..." ती म्हणाली.

"पुरे गं," म्हातारा म्हणाला. "तीन पिढ्यांचे हात आहेत. माल कसा नसेल कराराप्रमाणे? आण इकडे." त्याने चार वाकडी अक्षरं काढली. कागदावर त्याच्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला, तो कारकुनाने नाक मुरडून फुंकला.

सुनेने 'नऊ' वाचलं होतं. तिला काही टोचलं नाही. बारा वर्षं ती या घरात होती आणि नवाची म्हणजे नवाची.

मग दिवस सुरू झाले. उजाडायच्या आत मुलगा पट्टीत उतरायचा. करारातली माती आधीच थोडी उचलायची मुभा होती, कुंड्यांपुरती. कुदळीच्या घावाला ती दह्यासारखी कापली जायची. पाट्या डोक्यावरून यायच्या, खडे निवडायचे, पाणी घालायचं, आणि सून लुगडं पोटरीवर खोचून तुडवायला उभी राहायची. एक पाय मातीत, एक पाय वर. एक पाय वर, एक पाय मातीत. टाचांच्या भेगांत माती शिरायची आणि आत बसून रात्रभर ठणकायची. ती पुटपुटायची, कोणासाठी असं नाही:

बाई तुडवते माती, माझ्या पायाला गं भेगा,
भेगा भेगांत पेरल्या, कोणी सासरच्या जागा.

म्हातारा दिवसाला ऐंशी कुंड्या ओढायचा. त्याचं अंग चाकावर वाकलं की पाठीचे मणके एकेक मोजता यावेत. दोरा कुंडीच्या बुडाखालून सरकला की मुलगा ती दोन्ही तळव्यांत अलगद उचलून सावलीत नेऊन ठेवायचा. ठेवताना कुंड्या अंगाला अंग लावून असायच्या. वाळत आल्या की त्यांच्यात बोटभर अंतर पडलेलं असायचं. भाजून निघाल्या की आणखी थोडं. कोणाचं लक्षही जायचं नाही. वासरू मोठं होतं आणि माती लहान होते, यात बघण्यासारखं काय?

पहिला आवा भाजून उतरला तेव्हा निरोप आला: रोपं वाढली आहेत, निघतील तेवढ्या आधी द्या. सहाशे निघाल्या. कारकुनाने त्या टेम्पोतून उतरताना मोजल्या, हाताने वाजवल्या, आणि चिठोऱ्यावर लिहून दिलं: सहाशे पोचल्या. टेप काढली नाही. मालक लांब खुर्चीत बसून फोनवर हसत होता.

पुढचा महिनाभर घर धुरात होतं. आव्यामागून आवा. सुनेच्या पापण्या जळाल्या, मुलाच्या हाताची लव गेली, म्हाताऱ्याचा खोकला घरभर हिंडायला लागला. पण दोन महिने संपायला दोन दिवस होते आणि शेवटच्या तीन हजार चारशे कुंड्या गवतात गुंडाळून टेम्पोत चढल्या. एकीलाही तडा नव्हता. म्हातारा त्या दिवशी धुतलेला सदरा घालून टेम्पोत पुढे बसला, मुलगा आणि सून मागे कुंड्यांबरोबर.

मालकाने त्या दिवशी स्वतः टेप मागवली.

मालक म्हणजे एक गोरा, गुबगुबीत माणूस. चार एकर झाडं विकणारा. पण बोटाला माती लागली की रुमाल काढणारा. त्याने एक कुंडी खुर्चीच्या बाजूला मागवली. टेप लावली. दुसरी मागवली. तिसरी.

"काय गं, नऊ म्हणजे किती?" त्याने विचारलं ते सुनेला, म्हाताऱ्याकडे बघितलंही नाही.

"नऊ म्हणजे नऊ."

"मग हे किती?"

तिने टेपेवर बघितलं. आठ. अंगठ्याखाली सरळ, काळी, निगरगट्ट आठाची रेघ.

"ही नवाचीच कुंडी आहे," म्हातारा म्हणाला.

"टेप खोटं बोलते का म्हाताऱ्या?"

"चाकावर नऊ होती. तुमच्या माणसाने मोजली. वाळली, भाजली की आक्रसतेच. सगळ्याच आक्रसतात."

"हे सांगितलं होतंस?"

"हे सांगायचं असतं होय?" म्हातारा खराच चकित झाला होता. "पाणी ओलं असतं, सांगतं का कोणी?"

मालक हसायला लागला. त्याने रोपांना पाणी घालणाऱ्या बायकांना हाक मारली. "ऐका गं, ऐका! यांची कुंडी वाळली की लहान होते. उद्या कापडवाला म्हणेल, मालक, धुतलं की हात उघडे पडणारच." बायका कसनुसं हसल्या. हसणं हे त्यांच्या कामातच धरलेलं होतं.

कारकून मात्र चष्मा पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"कराराप्रमाणे माल नाही," मालक म्हणाला. "नाकारला. उचला आणि चालायला लागा. माती विसरा. तरी मी काही राक्षस नाही. कुंड्या इथे टाकून जाणार असाल, तर आठ दिवस माती उचला पाहिजे तेवढी. वर कोणाला बोलू नका. तुमचीच अब्रू आहे."

 जन्मात कोणी म्हाताऱ्याची कुंडी परत केली नव्हती. मुलाने टेम्पोतून एकेक गाठोडं उतरवून फाटकाबाहेर रचलं. परत न्यायला भाडं नव्हतं. रचताना त्याने गवत नीट सारखं केलं, जणू कोणाची झोप मोडू नये.

निघताना पाणी घालणारी एक बाई, ओठावर कायम पदर असलेली, सुनेच्या जवळून पाइप ओढत गेली. "वीटभट्टीवाला दोनदा येऊन गेला," ती पाइपाशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पट्टी बघून. माती आवडली त्याला, रोख द्यायला तयार आहे."

सुनेने मागे बघितलं. जाळीच्या सावलीत त्यांच्या सहाशे कुंड्या रांगेने उभ्या होत्या, आणि प्रत्येकीतून एक हिरवा शेंडा डोकावत होता.

घरी आल्यावर म्हातारा चाकावर बसला. एक कुंडी काढली. काडी लावली, नऊ. दोऱ्याने मधोमध चिरली. पुन्हा काढली, पुन्हा चिरली. अंधार पडेपर्यंत तेच.

"बाबा, दोन घास खा."

"मी आंधळा झालो का गं? की जग?"

"आपण सांगायला पाहिजे होतं."

"तू वाचलंस ना? तुला बोलायला काय झालं होतं? मोठी शिकलेली!"

"वाचलं. मलाही नाही कळलं."

"तर! कागद वाचून कागदच कळतो. माती नाही कळत."

मुलगा उठला. शेडच्या फळीवरून एक कुंडी काढून त्याने दोघांच्या मधे ठेवली. दुसऱ्या आव्यात ती बाकीच्यांबरोबर भाजून निघाली होती. तिच्या अंगावर खिळ्याने कोरलेलं लाल पडून पक्कं झालं होतं: नमुना मंजूर, तारीख, सही.

"हीपण आठाचीच आहे," मुलगा म्हणाला.

त्या दिवसाचं त्याचं एवढंच बोलणं.

वकीलबाईंचं ऑफिस तालुक्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, खोलीत पंखा, पंख्याला आवाज. बाईंनी करार वाचला, नमुन्याची कुंडी टेबलावर उलटसुलट करून बघितली, आणि सून आणि मुलगा अशा दोघांकडे असं बघितलं की दोघांनीही चपला दाराबाहेर आणखी थोड्या मागे सरकवाव्यात.

"सही झाल्यावर येतात सगळे. लग्नाला आम्हाला बोलावत नाहीत, काडीमोडाला बोलावतात. सही करण्याआधी आला असतात तर दहा मिनिटांचं काम होतं. 'भाजल्यानंतर आठ इंच.' तीन शब्द."

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला.

"सांगा. आधी कोण बोललं?"

"त्यांचा माणूस. कुंड्या द्या, माती देतो म्हणाला."

"आणि हो कोण म्हणालं?"

"बाबा. सासरे."

"प्यायलेले नव्हते ना? धाकदपटशा?"

"नाही. ते दुसऱ्याला धाक दाखवतात."

"मग झाला करार. एकाने मांडलं, दुसऱ्याने मान्य केलं. इकडून कुंड्या जातात, तिकडून माती येते. कोणी कोणाला फुकट देत नाही. दोघं मोठे, शुद्धीवर, राजीखुशी. एवढं पुरतं. कागद नसता तरी करार होताच. फक्त मग तुमचा शब्द आणि त्याचा शब्द झिंज्या उपटत बसले असते, आणि त्याच्या शब्दाच्या अंगावर कपडे चांगले असते." त्यांनी पट्टी घेऊन कुंडी मोजली आणि पहिल्यांदाच हसल्या. "आठ. आणि सही त्याच्याच माणसाची. बरं आहे."

"मग आम्ही जिंकू?"

"बरं आहे म्हटलं, जिंकाल नाही म्हटलं. माल नमुन्याशी जुळतो, मापाशी नाही. कागदावर दोन्ही आहे आणि दोन्ही जुळावं लागतं. तो नवावर बसेल, मी नमुन्यावर बसेन."

"माती आक्रसते हे सगळ्या जगाला माहीत आहे, बाई."

"सगळं जग म्हणजे तुमचं घर. जज्जाने कधी चाकाला हात लावलाय?" त्यांनी चहाचा कप उचलला. "सगळा माल फाटकाबाहेर आहे?"

"तीन हजार चारशे. सहाशे आत आहेत."

"आत काय करतायत?"

"रोपं लावलीत त्यांच्यात. महिना झाला."

कप अर्ध्यावर थांबला.

"आणि हे आत्ता सांगताय? कमाल आहे तुम्हा लोकांची. नाकारायचा माल बाजूला ठेवायचा असतो, त्यात आपली झाडं लावायची नसतात. मालकासारखा वापरला म्हणजे घेतला. आणि व्यवहार चार हजारांचा, अख्खा, एकच आहे. त्यातला काही घेतला की उरलेला परत करता येत नाही. इंचभर कमी पडल्याने त्याचं काही बिघडलं असेल तर तेवढी भरपाई मागेल, आणि काय बिघडलं ते त्याला दाखवावं लागेल."

"मग माती द्यावी लागेल?"

"नोटीस पाठवते. पंधरा दिवस. उत्तर नाही आलं तर दावा. मग तारखा."

"किती दिवस?"

"दिवस कसले. दोन वर्षं. अडीच."

"माती तीनच वर्षांची आहे, बाई."

वकीलबाईंनी कप खाली ठेवला.  त्यांनी नमुन्याची कुंडी जपून कपाटात ठेवली आणि पावती लिहायला घेतली.

"नाकारलेला माल," मुलाने दारातून विचारलं, "तो कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? ज्याचा होता त्याचा. तुमचा."

जिना उतरताना सून मधेच थांबली. एक पायरी खाली नवरा थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो हळूच हसला. त्यानंतर बाजार ओलांडेपर्यंत दोघं भराभर चालले.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिघं रोपवाटिकेत गेले. म्हातारा येत नव्हता. "पुन्हा त्या गोऱ्या ढोल्याचं तोंड बघायला?" पण घरात एकटं चाकासमोर बसवेना, म्हणून मागून आला आणि फाटकाशीच, आपल्या कुंड्यांच्या ढिगापाशी थांबला.

मालक जाळीच्या सावलीशी खुर्चीत होता. "काय ठरलं? आठ दिवस?"

"त्याआधी एक सांगा," सून म्हणाली. आवाज जरा मोठा ठेवला. पाणी घालणाऱ्या बायकांपर्यंत जाईल एवढा. "कुंड्या घेतल्या की नाकारल्या?"

"बहिरी आहेस का? नाकारल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"चारही हजार?"

"चारही हजार! तुमच्या घरचा एक खापरीचा तुकडा नको मला. लिहून देऊ?"

"नको. सगळ्यांनी ऐकलं."

तिने पदर खोचला. जाळीच्या सावलीत गेली, पहिल्या रांगेपाशी उकिडवी बसली. कुंडीच्या काठाला तळव्याने दोन चापट्या मारल्या, खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरलं, कुंडी हलकेच उलटी केली. रोप मातीच्या गोळ्यासकट तिच्या हातात आलं. पांढरी मुळं कुंडीच्या आतल्या अंगाचा आकार घेऊन बसली होती. तिने ते जपून जाळीबाहेरच्या जमिनीवर उभं केलं. रिकामी कुंडी बाजूला ठेवली. दुसरी घेतली.

पाइपातलं पाणी एकाच जागी पडत राहिलं. कोणाचे हात हलेनात.

"ए! ए, काय करतेस?" मालक खुर्चीतून उठला.

"आमचा माल आहे. नेतो."

"झाडं आहेत त्यात!"

"झाड तुमचं. हे काय, तुमच्याच जमिनीवर ठेवलंय. मुळाला माती आहे तीपण तुमचीच. आम्ही ठेवून नाही घेत." तिसरी. चौथी. मुलगा येऊन शेजारी बसला. त्याचे हात तिच्याहून मऊ आणि तिच्याहून भराभर चालत होते.

"पोलिसांना बोलवीन!"

"बोलवा. त्यांनाही सांगा, नाकारल्या म्हणून. सहाशे आहेत, संध्याकाळ होईल आम्हाला. ते येईपर्यंत इथेच आहोत."

आठवी. नववी. उघड्या मुळांवर ऊन पडत होतं आणि पानं बघता बघता कडेने वळायला लागली होती. कारकून धावत आला. पांढरे बूट या वेळी सरळ चिखलात पडले. तो मालकाच्या कानाशी लागला, पण घाईत कुजबुज मोठी झाली. "परवा गाडी येतेय, मालक. याच रोपांची. त्यांच्याशीही करार आहे आपला. तारखेचा. आणि चिठोऱ्यावर माझी सही आहे, सहाशे पोचल्याची..."

मालकाचा गोरा रंग मानेकडून वर लाल होत गेला. अकरावी कुंडी उलटी झाली.

"ठेव," तो म्हणाला.

"काय?"

"ठेव म्हटलं ना ती!"

"ठेव म्हणजे? घेतल्या?"

मालकाने सगळीकडे बघितलं. बायका बघत होत्या, कारकून बघत होता, फाटकाशी म्हातारा बघत होता. बघायला कोणी नको असतं तेव्हाच किती डोळे असतात.

"घेतल्या."

"किती?"

"घेतल्या, घेतल्या! चार हजार घेतल्या. मरा तिकडे."

"लिहून द्या."

कारकुनाने फाईल मांडीवर ठेवून लिहिलं. तिने हात धुतले, कोरडे केले, मग कागद घेतला. तो सगळा वाचेपर्यंत मालकाला उभं राहावं लागलं, कारण तो उठल्यावर त्याच्या खुर्चीवर तिने रिकाम्या कुंड्या रचल्या होत्या.

"'सहाशे घेतल्या' लिहिलंय."

"चुकून," कारकून म्हणाला.

"चार हजार करा. 'माल मान्य, तक्रार नाही' लिहा. माती उद्यापासून, तीन वर्षं. आणि ही जागा मोकळी का सोडलीय? रेघ मारा तिच्यावर."

"बरीच शिकलेली दिसतेस," कारकून रेघ मारत म्हणाला.

"दहावी. तुमचं अक्षर बघून वाटलं, तुम्ही आमच्या मागच्या वर्गात असाल."

पाइपवाल्या बाईच्या ओठावरचा पदर हलला. मालकाने सही केली आणि पेन कारकुनाच्या अंगावर फेकलं. सुनेने कागदाची घडी घातली, ब्लाऊजमध्ये ठेवली, खुर्चीवरच्या अकरा कुंड्या एकेक करून परत रांगेत नेऊन ठेवल्या. रिकाम्याच.

म्हातारा आत आला. मालकाच्या समोरून जाताना त्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रांगेतली एक कुंडी उचलली, बोटाच्या पेराने वाजवली, ऐकली, खाली ठेवली.

जमिनीवर अकरा रोपं उघडी पडली होती. मुलाच्याने बघवेना. तो वाकला, एक रोप ओंजळीत घेतलं.

"सूनबाई," म्हाताऱ्याने विचारलं, "रोपं लावून द्यायची, असं आहे का त्या कागदात?"

"नाही, बाबा."

"मग राहू दे रे गोगलगायी. ठेव ते खाली. चल."

मुलाने रोप सावलीकडे सरकवून ठेवलं, एवढंच त्याला जमलं. तिघं फाटकाबाहेर पडले आणि वळून नदीकाठच्या पट्टीच्या वाटेला लागले. उद्या कुठून खणायचं ते म्हाताऱ्याला आजच बघायचं होतं.

मागे मालक ओरडला, "बघत काय उभ्या राहिल्यात? उचला ती झाडं!"

"जेवायची सुट्टी झाली, मालक," पाइपवाली बाई म्हणाली. नळ बंद करून ती सावलीत जाऊन बसली. तिच्या मागून बाकीच्याही बसल्या.

पानं आणखी वळली.  मालकाने पँट गुडघ्यावर ओढली, एका हाताने खुर्चीचा आधार घेतला, आणि जड अंगाने, कण्हत, मातीत उकिडवा बसला. पहिलं रोप त्याने शेंड्याला धरून उचललं. मुळांवरचा गोळा निसटून त्याच्या बुटावर पडला.

"बुडाशी धरायचं असतं, मालक," सावलीतून कोणीतरी म्हणालं.